सर्दीची गोळी आणि परीक्षेचा पेपर

अक्षरांनी गच्च भरलेला एक कागद समोर ठेवलेला असतो. ओळींमागून ओळी, पण शब्द एकही नाही, नुसती विस्कटलेली अक्षरं. सांगितलेलं अक्षर शोधायचं आणि दिसेल तिथे त्यावर काट मारायची. घड्याळ लावलेलं असतं. वेळ संपली की किती ठिकाणी बरोबर काट मारली, किती अक्षरं नजरेतून सुटली आणि किती ठिकाणी भलत्याच अक्षरावर काट पडली, हे मोजायचं.

फार्माकॉलॉजीच्या, म्हणजे औषधशास्त्राच्या विभागात ही चाचणी जुनी आहे. तिच्या जोडीची आणखी एक असते: वर अंक आणि अक्षरांच्या जोड्या दिलेल्या, खाली नुसते अंक, आणि दीड मिनिटात प्रत्येक अंकाखाली त्याचं अक्षर लिहीत जायचं. आपल्याकडच्या मेडिकल कॉलेजांत प्राध्यापकांनी आणि एम.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांनी या साध्या कागदांवर सर्दीच्या गोळ्या पारखल्या आहेत. महागडं यंत्र लागत नाही, रक्त काढावं लागत नाही. लक्ष किती टिकतं, मेंदू किती वेगाने चालतो आणि हात त्याला किती साथ देतो, याचा अंदाज दोन मिनिटांत येतो.

मी हा विषय शिकवते. जानेवारी संपत आला की नातेवाईक आणि शेजारपाजारचे आईवडील एकच प्रश्न विचारायला लागतात. मुलीला सकाळी उठल्यापासून शिंका, नाक गळतंय, डोळे चुरचुरतात. बारावीची परीक्षा तोंडावर आलीय. गोळी दिली तर पुस्तक समोर ठेवून पेंगते, नाही दिली तर रुमाल हातातून सुटत नाही. काय करायचं?

या प्रश्नाकडे घरात फार हलकेपणाने पाहिलं जातं, आणि ते मला खटकतं. 'सर्दीच तर आहे' म्हणून मेडिकलमधून कुठलीतरी गोळी आणली जाते आणि मुलांच्या आळसाला दोष दिला जातो. यावर चांगलं संशोधन झालेलं आहे आणि त्यातून कामाला येणारं उत्तरही मिळतं. ते समजण्यासाठी आधी गोळी नेमकं काय करते ते पाहू.

ॲलर्जीच्या सर्दीत नाकाच्या आतल्या अस्तरातल्या काही पेशी हिस्टामिन नावाचा पदार्थ सोडतात. धूळ किंवा परागकण शत्रू आहेत असं शरीराला वाटतं आणि ते हिस्टामिनच्या रूपाने धोक्याची घंटा वाजवतं. नाकातल्या रक्तवाहिन्या फुगतात, पाणी सुटतं, खाज येते, शिंका येतात. हिस्टामिन जिथे जाऊन बसतं त्या जागेला एच-वन रिसेप्टर म्हणतात. कुलूप आणि किल्ली असं समजा. अँटिहिस्टामिन गोळी त्या कुलपात आधीच जाऊन बसते, मग हिस्टामिनला तिथे शिरता येत नाही आणि नाक शांत होतं.

हेच हिस्टामिन मेंदूतही असतं, आणि तिथे त्याचं काम अगदी वेगळं आहे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. त्यातला पेशींचा एक छोटासा पुंजका हिस्टामिन तयार करतो आणि जवळजवळ साऱ्या मेंदूभर आपले धागे पसरतो. 1984 मध्ये या पेशींचा पक्का माग लागला. आपण जागे आहोत, लक्ष देतो आहोत, नवं काही शिकतो आहोत, या सगळ्यात त्यांचा वाटा मोठा आहे. नाकात त्रास देणारा पदार्थ डोक्यात पहारेकरी असतो. गोळीला हा फरक कळत नाही. ती मेंदूत पोहोचली तर तिथलीही कुलपं अडवते.

म्हणून ती मेंदूत पोहोचते की नाही, यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे.

पहिल्या पिढीच्या गोळ्या पोहोचतात. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दानिएल बोव्हे यांनी आन-मारी स्टॉब यांच्यासोबत 1937 मध्ये पहिली अँटिहिस्टामिन संयुगं शोधली. बोव्हे यांना 1957 चं नोबेल मिळालं. 1940 च्या दशकात अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात जॉर्ज रिव्हेश्ल यांनी डायफेनहायड्रामीन बनवलं आणि 1946 पासून ते डॉक्टरांच्या हाती आलं. त्यानंतर थोड्याच वर्षांत क्लोरफेनिरामाइन आलं, आणि ते आजही आपल्या घराघरांत आहे. सर्दीच्या बऱ्याचशा गोळ्यांच्या पाकिटामागे बारीक अक्षरांत पॅरासिटामॉल आणि फिनाइलएफ्रिनच्या शेजारी 'क्लोरफेनिरामाइन मॅलिएट' लिहिलेलं सापडेल. लहान मुलांच्या सर्दी-खोकल्याच्या सिरपमध्येही ते असतं. ही औषधं चरबीत सहज विरघळतात, त्यामुळे रक्त आणि मेंदू यांच्यामधली तटबंदी ती आरामात ओलांडतात. अमेरिकेत तर डायफेनहायड्रामीन झोपेची गोळी म्हणूनही दुकानात विकलं जातं. एका गोळीचा दुष्परिणाम दुसऱ्या गोळीचा मुख्य परिणाम झाला, इतका तो भरवशाचा आहे.

या जुन्या गोळ्यांची आणखी एक खोड आहे. मेंदूत आठवणी पक्क्या करायला ॲसिटिलकोलिन नावाचा निरोप्या लागतो. जुन्या अँटिहिस्टामिन गोळ्या त्याचीही वाट अडवतात. तोंड कोरडं पडतं ते त्यामुळेच, आणि वाचलेलं डोक्यात न बसण्यामागेही याचा हात असू शकतो.

दुसऱ्या पिढीच्या गोळ्या म्हणजे लोराटाडीन, सेट्रिझिन, लिव्होसेट्रिझिन, फेक्सोफेनाडीन वगैरे. यांतल्या काही मेंदूच्या दाराशी आल्या तरी तिथे पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप त्यांना परत रक्तात ढकलून देतो. फेक्सोफेनाडीनची जन्मकथा इथे सांगायला हवी. 1980 च्या दशकात टर्फेनाडीन हे गुंगी न आणणारं औषध बाजारात आलं आणि फार गाजलं. पुढे लक्षात आलं की काही विशिष्ट औषधांबरोबर घेतल्यास ते हृदयाची लय बिघडवू शकतं, आणि 1990 च्या दशकाच्या अखेरीस ते बाजारातून काढलं गेलं. पण यकृतात टर्फेनाडीनचं रूपांतर होऊन जो पदार्थ तयार होत होता, सर्दीवरचं खरं काम तोच करत होता आणि हृदयाला तो धोका देत नव्हता. तोच पदार्थ वेगळा काढून फेक्सोफेनाडीन या नावाने आला.

'मेंदूत पोहोचते' हे नुसतं म्हणायची गोष्ट राहिलेली नाही, ते मोजलं गेलंय. जपानमध्ये सेंदाई शहरातल्या तोहोकू विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत काझुहिको यानाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं हे काम केलं. औषध घेतलेल्या निरोगी माणसाला पेट स्कॅनरमध्ये, म्हणजे मेंदूच्या आतल्या घडामोडींचं चित्र काढणाऱ्या यंत्रात, झोपवायचं आणि मेंदूतली किती टक्के एच-वन कुलपं गोळीने अडवली आहेत ते बघायचं. 20 टक्क्यांच्या आत असेल तर गुंगी न आणणारी, 20 ते 50 मध्ये असेल तर कमी गुंगीची आणि 50 च्या वर गेली तर गुंगीची, अशी ढोबळ वर्गवारी त्यातून तयार झाली. फेक्सोफेनाडीन शून्याच्या आसपास निघालं. सेट्रिझिनच्या 10 मिलिग्रॅमच्या नेहमीच्या डोसला साधारण 13 टक्के कुलपं अडली आणि दुप्पट डोसला साधारण 25. म्हणजे तीच गोळी एका ऐवजी दोन घेतल्या तर ती दुसऱ्या गटात जाते. 'आज शिंका जास्त आहेत, दोन घे' असं सांगणाऱ्या प्रत्येकाला हा आकडा माहीत असायला हवा.

याच मंडळींचा आणखी एक प्रयोग मी वर्गात नेहमी सांगते. आपल्याकडे समज असा की रात्री झोपताना गोळी घेतली की सकाळपर्यंत उतरते. त्यांनी लोकांना रात्री 50 मिलिग्रॅम डायफेनहायड्रामीन दिलं आणि दुसऱ्या दिवशी मेंदू तपासला. तेव्हाही सुमारे 45 टक्के कुलपं अडलेलीच होती. माणूस झोपून उठला होता, पण औषध डोक्यातून गेलं नव्हतं. क्लोरफेनिरामाइन तर शरीरात आणखी रेंगाळतं. मोठ्या माणसात त्याची रक्तातली पातळी निम्म्यावर यायलाच जवळजवळ एक दिवस लागू शकतो.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात दिसली. तिथे गाडी चालवण्याचा हुबेहूब आभास निर्माण करणारं यंत्र आहे. हंगामी ॲलर्जी असलेल्या 40 चालकांना वेगवेगळ्या दिवशी फेक्सोफेनाडीन, डायफेनहायड्रामीन, दारू किंवा नुसती बिनऔषधाची गोळी देऊन त्या यंत्रावर बसवलं. निष्कर्ष 2000 साली प्रसिद्ध झाले. फेक्सोफेनाडीन घेतल्यावर गाडी चालवण्यात फरक पडला नाही. डायफेनहायड्रामीन घेतल्यावर मात्र चालवणं दारू प्यायल्यावरच्या चालवण्यापेक्षाही ढासळलं. आणि चालकांना स्वतःला किती झोप आल्यासारखी वाटत होती, त्यावरून त्यांचं चालवणं किती बिघडलंय याचा अंदाज येत नव्हता.

मला सगळ्यांत काळजीचं वाटतं ते हेच. गुंगी जाणवणं आणि मेंदू मंदावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'मला त्या गोळीने काही होत नाही' असं सांगणारा मुलगा खोटं बोलत नसतो. त्याला खरोखर काही जाणवत नाही. पण मघाच्या अक्षरांच्या कागदावर त्याने बरोबर काट मारलेली अक्षरं कमी भरतात. जे अक्षर सुटलं ते सुटल्याचं त्याला कळत नाही, जसं गणितात उणे चिन्ह सुटल्याचं पेपर लिहिताना कळत नाही.

आता परीक्षेकडे येऊ. इंग्लंडमध्ये शालेय अभ्यासाची मोठी परीक्षा, जीसीएसई, उन्हाळ्यात असते, आणि नेमक्या त्याच काळात तिथे गवताचे परागकण हवेत भरलेले असतात. त्याच विषयांची सराव परीक्षा मात्र हिवाळ्यात होते, तेव्हा हवा स्वच्छ असते. सामंथा वॉकर, एडिंबरा विद्यापीठातले अझीझ शेख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या योगायोगाचा सुंदर उपयोग करून घेतला. 15 ते 17 वर्षांच्या 1834 विद्यार्थ्यांचे हिवाळ्यातले आणि उन्हाळ्यातले ग्रेड त्यांनी ताडून पाहिले. गणित, इंग्रजी आणि विज्ञान यांपैकी एका तरी विषयात ज्यांचा ग्रेड घसरला असे 662 जण निघाले, म्हणजे 36 टक्के. उरलेल्या 1172 जणांशी त्यांची तुलना केली. हा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला.

इथली हुशारी लक्षात घ्या. हुशार मुलाची कच्च्या मुलाशी तुलना नाही. प्रत्येकाची तुलना आधी स्वतःशीच आहे. घरची परिस्थिती, शाळा, अक्कल, सगळं तेच. हिवाळ्यापेक्षा उन्हाळ्यात तो खाली आला का, एवढाच प्रश्न.

परीक्षेच्या दिवशी ॲलर्जीच्या सर्दीचा त्रास असणं आणि ग्रेड घसरणं यांचा संबंध दिसला, आकडा 1.4. परीक्षेच्या दिवशी गुंगी आणणारं अँटिहिस्टामिन घेतलेलं असेल तर आकडा 1.7. बातम्यांत याचं भाषांतर '40 टक्के' आणि '70 टक्के जास्त शक्यता' असं होतं आणि लोक त्याचा अर्थ शंभरातली सत्तर मुलं घसरली असा घेतात. तसं नाही. हे गुणोत्तर 'घसरलेले भागिले न घसरलेले' या प्रमाणाचं आहे. समजण्यापुरतं एक उदाहरण घेऊ. समजा गुंगीची गोळी न घेतलेल्या 100 मुलांत 35 घसरतात आणि 65 घसरत नाहीत. प्रमाण झालं सुमारे 0.54. त्याला 1.7 ने गुणलं की 0.92 च्या आसपास येतं, आणि ते उलटं सोडवलं तर 100 पैकी जवळपास 48. म्हणजे 35 च्या जागी 48. बातमीइतकं भयंकर नाही, पण ज्या घरातलं मूल त्या तेरांमध्ये आहे त्या घराला ते लहानही नाही.

शिवाय 1.7 या आकड्याभोवती 1.1 ते 2.8 अशी रुंद मर्यादा होती. खरी किंमत यात कुठेही असू शकते. मर्यादा इतकी रुंद असते तेव्हा त्या एकाच आकड्यावर फार मोठा डोलारा उभारू नये.

त्याहून मोठी शंका वेगळीच आहे, आणि चांगल्या विद्यार्थ्याने ती घ्यायलाच हवी. गुंगीची गोळी कोण घेईल? ज्याला त्रास जास्त आहे तोच ना? मग ग्रेड गोळीने घसरला की त्या जास्त असलेल्या सर्दीने? नुसतं बघून नोंदी करणाऱ्या अभ्यासात या दोन गोष्टींची गाठ पूर्ण सुटत नाही.

ती सोडवायची तर गोळी कोणाला द्यायची हे आजाराच्या जोरावर सोडून चालत नाही, ते संशोधकाने चिठ्ठ्या टाकून ठरवावं लागतं. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट इथे एरिक व्हुरमन यांच्या गटाने 1993 मध्ये असाच एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. ॲलर्जी असलेली 52 मुलं आणि त्यांच्याशी जुळणारी 21 निरोगी मुलं. ॲलर्जी असलेल्यांपैकी कोणाला डायफेनहायड्रामीन, कोणाला लोराटाडीन आणि कोणाला बिनऔषधाची गोळी, आणि कोणाला काय मिळालं हे मुलांनाही माहीत नाही, तपासणाऱ्यांनाही नाही. मग त्यांना एक नवा धडा संगणकावर शिकवला आणि दोन आठवड्यांनी त्यावर परीक्षा घेतली. निरोगी मुलांपेक्षा बिनऔषधाची ॲलर्जीवाली मुलं मागे पडली. डायफेनहायड्रामीन मिळालेली आणखी मागे पडली. लोराटाडीन मिळालेल्यांचं नुकसान काही अंशी भरून निघालं.

या एका प्रयोगात आपल्या प्रश्नाची दोन्ही टोकं सापडतात. सर्दी तशीच अंगावर काढली तर शिकण्याचं नुकसान होतं आणि चुकीच्या गोळीने ते वाढतं. म्हणून 'परीक्षा आहे, औषधच नको' हा घरगुती निर्णयही चुकतो. नाक चोंदलेलं असलं की रात्रीची झोप तुटते आणि दिवसभर त्याचा हिशेब चुकवावा लागतो.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की सगळे निष्कर्ष एका बाजूचे नाहीत. अमेरिकेतल्या डेन्व्हर इथे ब्रूस बेंडर यांच्या गटाने 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना थोडे दिवस डायफेनहायड्रामीन किंवा लोराटाडीन दिल्यावर शाळेतल्या शिकण्यावर परिणाम दिसला नाही. डायफेनहायड्रामीन रोज घेतल्यावर तीन-चार दिवसांत त्याची झोप आणणारी धार बोथट होते, असंही दुसऱ्या एका प्रयोगात दिसलं आहे. वय, डोस, किती दिवस घेतलं, काय मोजलं, यावर निकाल बदलतात. मला स्वतःला वाटतं की पेट स्कॅन, गाडीचं यंत्र आणि मास्ट्रिख्टची मुलं एकत्र पाहिली तर जुन्या गोळ्यांविरुद्धचा पुरावा पुरेसा वजनदार आहे, विशेषतः जेव्हा तितकंच काम करणारी दुसरी गोळी त्याच दुकानात मिळते.

आपल्याकडे दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. थंडी सरत असते, सकाळ गार आणि दुपार तापलेली असते, धूळ उडायला लागते. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधून स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं तर वर्षभर दाटीवाटीने बसलेली असतात. गावाकडून आलेली, घरापासून लांब, शिंका आल्या की कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन 'सर्दीची एक गोळी द्या' म्हणणारी. पट्टीतून कापून मिळालेल्या त्या सुट्या गोळीवर कधीकधी नावही पूर्ण उरलेलं नसतं.

त्यांना मी हे सांगते. गोळीचं नाव विचारून घ्या, ब्रँडचं नाही, आतल्या औषधाचं. क्लोरफेनिरामाइन, डायफेनहायड्रामीन, प्रोमेथाझिन किंवा हायड्रॉक्सिझिन असेल तर ती अभ्यासाच्या काळातली गोळी नाही. सर्दी ॲलर्जीची असेल, म्हणजे ताप नाही, नाकातून पाण्यासारखं पातळ गळतं, खाज आहे, दरवर्षी याच दिवसांत होतं, तर फेक्सोफेनाडीन किंवा लोराटाडीनबद्दल डॉक्टरांशी बोला. सेट्रिझिन आणि लिव्होसेट्रिझिन बऱ्याच जणांना चालतात, पण काहींना त्याने पेंग येते. ती आपल्याला येते का हे पेपरच्या दिवशी कळून उपयोग नाही, सुट्टीच्या दिवशी घेऊन पाहायला हवं. व्हायरसची साधी सर्दी असेल तर यांतल्या कुठल्याच गोळीने फारसं काही होत नाही. वाफ, मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि झोप एवढंच खरं.

लिव्होसेट्रिझिनबरोबर मॉन्टेल्युकास्ट हे दम्यावर आणि ॲलर्जीवर देतात ते औषध असलेली जोडगोळी आपल्याकडे सर्रास दिली जाते. मॉन्टेल्युकास्टमुळे काही जणांत चिडचिड, वाईट स्वप्नं, उदासी, क्वचित आत्महत्येचे विचार येऊ शकतात, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2020 मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा लावला आणि साध्या ॲलर्जीच्या सर्दीसाठी दुसरं औषध चालत नसेल तरच ते द्यावं असं सुचवलं. परीक्षेच्या ताणात मूल अचानक वेगळं वागायला लागलं तर 'टेन्शन आलंय' म्हणण्याआधी त्याच्या गोळ्यांची यादी एकदा बघा. आणि गोळी स्वतःच्या मनाने बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

घरात धाकटं भावंड असेल तर त्याच्यासाठीही एक गोष्ट. मोठ्याच्या सर्दीचं सिरप थोडं कमी करून लहानाला द्यायची सवय अजून आहे. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा लेबलवर छापायला केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये कंपन्यांना सांगितलं आहे.

दरवर्षी त्रास होणाऱ्यांसाठी नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे हा बहुतेक वेळा गोळीपेक्षा चांगला उपाय आहे. 'स्टेरॉइड' शब्दाला घाबरून लोक तो टाळतात, पण फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा स्प्रे नाकातच काम करतो, रक्तात फार थोडा जातो आणि डोक्यावर गुंगी आणत नाही. फक्त तो लगेच लागू पडत नाही. पूर्ण गुण यायला बरेच दिवस जातात. पेपर 20 तारखेला असेल तर तो 19 ला सुरू करून हाती काही लागणार नाही. डॉक्टरांना दोन आठवडे आधी भेटावं लागेल.

आणि फेक्सोफेनाडीन लिहून मिळालं तर ते साध्या पाण्याबरोबर घ्यायचं. संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाने ते आतड्यातून नीट शोषलं जात नाही. परीक्षेला निघताना आई प्रेमाने जो रसाचा पेला हातात देते, तो गोळीनंतर काही तासांनी दिला तरी चालेल.